समुद्रावरचं उसनं पाणी

२०१६ साल. उन्हाळा. अक्षय तृतीया होऊन गेली होती आणि मृगाला अजून महिना होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच दिवसांत मी लातूर स्टेशनावरून कळशीत पाणी घेऊन समुद्राकडे निघालो. लोक हसले. हसू द्या. का निघालो ते आधीचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी लातूरकडच्या मुरुडजवळच्या खेड्यातला. शिक्षण चौथी. चेन्नईहून बेटांवर जाणाऱ्या प्रवासी जहाजावर मी सारंग होतो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. साध्या खलाशापासून तिथवर चढलो, कुणाची चिठ्ठी न नेता. जहाजाचं नाव सांगत नाही. ते भंगारात गेलं. नाव तरी शाबूत राहू द्या.

जहाजाच्या कठड्यावर रोज मीठ साचतं. सकाळी धुवायचं, दुसऱ्या सकाळी परत आहेच. किस्स्यांचं तसंच असतं. एक सांगून मोकळं व्हावं, तर मागं दुसरा साचलेला!

आमच्याकडचे आम्ही तिघं होतो. नामदेव हिमायतनगरचा. तो भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. सायलू धर्माबादचा. तो पंपवाला, गोड्या पाण्याच्या टाक्या त्याच्या ताब्यात. आणि मी. समुद्र आम्ही शाळेच्या नकाशात पाहिलेला, तोही निळा रंग उडालेला.

भरतीच्या साहेबानं मला विचारलं होतं, "तैरना आता है?"

मी म्हणालो, "साहेब, पोहायला आधी पाणी लागतं."

घेतलं मला.

* * *

स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला झोपायला एक बंक असायचा. जेवणाला येताना त्यानं तिकीट दाखवायचं. एका खेपेला तिसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस रांगेत आला. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. नामदेवानं तिकीट पाहिलं आणि मला हाक मारली.

"सारंग, हा बंक कुठला ओ?"

मी पाहिलं. तारीख बरोबर. जहाज बरोबर. बंक चारशे बारा.

मी त्या माणसाला हिंदीत समजावलं. म्हटलं, चारशे दहाच्या पुढं बंक नाहीत. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधी ते काढून टाकले. त्या जागी आता कोठार आहे, आम्ही तिथं रंगाचे डबे ठेवतो.

त्यानं तिकीट परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "तभी तो! मैं सोचूँ, सर क्यों दुखता है!"

भात घेतला आणि गेला.

कोठाराची किल्ली माझ्या कमरेला असायची. तीन दिवस दार उघडलं नव्हतं. मी जाऊन उघडलं. डबे एका अंगाला सरकवून आत एका माणसापुरती जागा केलेली होती.

त्या दिवसापासून नामदेव एका माणसाचा भात जास्त टाकायचा. "उरला तर उरला," म्हणायचा.

कधी उरला नाही.

* * *

सायलूचं काम टाकीतलं पाणी मापायचं. डेकवर एका पाइपाचं तोंड असतं. झाकण काढायचं, साखळीला बांधलेला गज खाली सोडायचा आणि कुठवर ओला झाला ते पाहायचं. आडात पोहरा सोडतो तसंच.

एका सकाळी तो पाइपाला कान लावून बसला होता. मला म्हणाला, "सारंग, खाली रहाट फिरून राहिलाय."

"टाकीत रहाट? येडा झालास का?"

"तुमी ऐका तर. आमच्या धर्माबादच्या आडाचा हाय. वळखतो मी."

मी गुडघे टेकले आणि कान लावला. कुई... कुई... कुई. मधेच थांबायचा. पोहरा वर आला की थांबतो, तसा.

मी म्हणालो, "धर्माबादचा नाही. आमचा आहे."

"न्हाई, आमचा!"

"आमच्या रहाटाचा एक दात पडलाय. दर फेऱ्याला अडखळतो. ऐक नीट."

भांडणावर आलो. दोन म्हातारे होऊ घातलेले गडी, भर समुद्रात, रहाट कुणाचा म्हणून! शेवटी मी त्याला सांगितलं, "पाइपाच्या तोंडाला ग्रीस लाव आणि झाकण बसव." त्यानं लावलं. आवाज बंद झाला. आम्ही कामाला लागलो.

चौथ्या दिवशी बंदरावरून मी घरी फोन केला. बायकोनं पिकाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणिक एक झालं बघा. आडावरचा रहाट चार दिस झाले आवाज करीना. तेल कुणी घातलं म्हणून बायका एकमेकीला पुसायल्यात."

मी म्हणालो, "कुणी घातलं असेल."

सायलूला काही सांगितलं नाही. नाहीतर रहाट आमचाच होता हे त्याला कळलं असतं, आणि तो आठ दिवस जेवला नसता.

* * *

औशाकडचा एक शेतकरी एकदा आमच्या जहाजावर आला. लेक बेटावर नोकरीला होता, त्याला भेटायला चालला होता. पहिला सगळा दिवस कठडा धरून उभा. जेवायलासुद्धा हलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "एवढं पाणी, अन् एक बी मोटार न्हाई!"

"काका, खारट आहे ते."

"मालक कोण ह्याचा?"

"मालक नाही."

"असतोय. बिनमालकाचं पाणी नसतंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोरीला बाटली बांधून समुद्राचं पाणी वर काढलं. गावात दाखवायला. बूच घट्ट लावून पिशवीत ठेवली.

उतरायच्या दिवशी पाहतो, तर हा कठड्याशी उभा राहून बाटली ओतत होता. अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. ओतून झाल्यावर हात जोडले.

"का हो काका? गावाला न्यायची होती ना?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "काल मागायला आला होता," म्हणाला.

* * *

आता आमचं स्वतःचं सांगतो. ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो.

जहाजावर नळ होते. सोडला की पाणी. पण सवय जात नाही. पाणी दिसलं की भरून ठेवायचं. तेलाचे डबे, बाटल्या, रंगाचे धुतलेले डबे, नामदेवाची जुनी पातेली. आमच्या तिघांच्या खोलीत बंकाखाली चाळीसेक भांडी भरलेली असायची. शिळं पाणी रोज ओतून ताजं भरायचं काम पाळीपाळीनं चालायचं.

एका खेपेला, बेट दोन दिवसांवर असताना, कॅप्टन तपासणीला आला. पाय ठेवला तो डब्यावर. सगळीकडे पाणी.

"पानी घुसा है क्या?"

मी म्हणालो, "घुसा नहीं साहेब. भरा है."

"क्यों? नल है ना?"

सायलूनं हात जोडले. "साहेब, नळ कवा जाईल, सांगता येतंय का?"

कॅप्टन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग हुकूम केला, सगळं बाहेर ओता. हुकूम म्हणजे हुकूम. आम्ही एकेक भांडं उचललं आणि गोडं पाणी समुद्रात रिकामं केलं. नामदेव रडला. मी त्याच्यावर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याची मोठी टाकी फुटली. आतल्या आत भेग गेली आणि समुद्र टाकीत शिरला. नळाला खारट पाणी. जहाजावर पाच-सहाशे माणूस, आणि बेट दीड दिवस लांब.

कॅप्टन आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली होती.

"थोडा बचा है क्या?"

सायलू म्हणाला, "नहीं साहेब. हुकूम था."

* * *

एक लहान टाकी शाबूत होती. तिचं पाणी आधी लेकरांना आणि आजाऱ्यांना, मग प्रवाशांना. खलाशाला सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक. माझा पेला मी एका उलट्या होणाऱ्या बाईला दिला. संध्याकाळचाही दिला. सारंगानं खलाशांसमोर पाण्यासाठी हात पसरायचा नसतो. मी कधी कुणापुढं पसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या डेकवर मला चक्कर आली. दोरखंडाच्या वेटोळ्याला धरून खाली बसलो. पलीकडे एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, डोईवर पदर, मांडीजवळ पितळी तांब्या.

"पी," ती म्हणाली.

"नको. तुम्हाला लागेल."

"फुकट देत न्हाई मी. उसनं देते. उसनं घ्यायला काय झालं? लई मोठा सारंग लागून गेलास!"

मी सारंग आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. आणि ती आमच्या बोलीत बोलत होती. त्या खेपेला जहाजावर ती बोली बोलणारे आम्ही तिघंच होतो.

उसनं म्हटल्यावर मी तांब्या घेतला. पाणी पिणाऱ्याकडं बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिनं तोंड समुद्राकडं केलं. मी तांब्या रिकामा केला. आमच्या आडावर कडुलिंबाचं झाड आहे, आम्ही नुसतं लिंब म्हणतो. पाला आत पडतो, म्हणून पाण्याला किंचित कडवट वास असतो. त्या पाण्याला तोच वास होता.

मी विचारलं, "माय, गाव कंचं?"

"आधी फेड. मग इचार."

मी तिचा तांब्या तिच्यापाशी ठेवला, उठलो, कामावर गेलो. बेटावर पोचल्याबरोबर धक्क्यावरच्या नळावर नामदेवाचा तांब्या भरून घेतला आणि उतरायच्या शिडीपाशी उभा राहिलो. पाच-सहाशे माणूस माझ्यासमोरून उतरलं. एकेकाचं तोंड पाहिलं. ती नव्हती. प्रवाशांची यादी ठेवणाऱ्या बाबूनं यादी दोनदा वाचली. लातूरची नाही, नांदेडची नाही, हिरव्या लुगड्याची म्हातारी कुणी नाही.

नामदेव म्हणाला, "सारंग, तुमाला ऊन लागलं."

मी म्हणालो, "लागलं असेल."

त्याच दिवसापासून माझ्या तोंडाला पाणी खारट लागू लागलं.

* * *

उसन्या पाण्याचं आमच्याकडं काय आहे, ते इथं सांगावं लागेल.

मी लहान असताना माझा थोरला चुलता मरायला टेकला. तोंडात शेवटचं पाणी घातलं तर उतरेना. चमच्यानं घालावं, ओठाच्या कडेनं बाहेर यावं. दोन दिवस जीव जाईना. चुलती डोईवर पदर घेऊन गल्लीत उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुणाचं उसनं पाणी ऱ्हायलंय का आमच्याकडं?"

शेवटच्या घरातली बाई ओट्यावर आली. म्हणाली, "मागल्या साली एक तांब्या दिला होता. जाऊ द्या, मी कुठं मागितला?"

चुलतीनं तिथल्या तिथं तांब्या भरून नेऊन दिला. त्या बाईनं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या ओट्यावर पालथा ठेवला. आमच्याकडं उसनं पाणी फिटलं की भांडं पालथं ठेवतात. बोलत काही नाहीत.

इकडं घरात चुलत्यानं घोट गिळला. मग गेला.

* * *

मी निवृत्त झालो. जहाज भंगारात गेलं. मी गावी आलो. पाणी खारटच. लातूरच्या डॉक्टरनं जीभ तपासली, रक्त तपासलं. "काही नाही," म्हणाला. घरात मी कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षं खारट पाणी प्यालो आणि तोंड वाकडं केलं नाही.

२०१६च्या चैत्रात मला ताप आला. मोठा ताप. चौथ्या दिवशी बायकोनं चमच्यानं पाणी घातलं. उतरेना. ओठाच्या कडेनं बाहेर आलं. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर.

तिनं चमचा खाली ठेवला. माझ्या तोंडाकडं पाहून हळूच विचारलं, "अहो, कुणाचं उसनं ऱ्हायलंय का?"

तेव्हा सांगितलं. पहिल्यांदा.

ती म्हणाली, "मग हितं काय करायलाव? उठा की!"

ओली फडकी ओठाला लावून तिनं मला जगवलं. आठ दिवसांनी ताप उतरला. पाणी उतरू लागलं, पण खारटच. आड कोरडा पडला होता. टँकर आठवड्यानं यायचा. टँकरचं पाणी मी न्यायचं म्हटलं, तर बायको म्हणाली, "लिंबाचं घेतलं, लिंबाचंच द्यायचं." आडाच्या तळाशी एक झरा होता, दिवसाला वाटीभर. ती रोज गड्याला आडात उतरवून ती वाटी वर घ्यायची आणि तांब्याच्या कळशीत ओतायची. सोळा दिवस. मग फडकं बांधलं आणि कळशी माझ्या हातात दिली.

"सांडू नका," एवढंच म्हणाली.

लातूर स्टेशनाबाहेर माणसं घागरी घेऊन उभी होती. एक बाई ओरडली, "बाबा, उलटे चाललाव की! लोक पाणी आणायलेत, तुमी न्यायलाव!"

सगळे हसले. मी चालत राहिलो.

नामदेव आणि सायलू वाटेत येऊन मिळाले. मी बोलावलं नव्हतं. बायकोनं फोन केला होता. चेन्नईपर्यंतच्या गाडीत उन्हानं माणसं हैराण झालेली. कळशी दिसली की पाणी मागायची. मागणाऱ्याला पाणी नाही म्हणायचं, हे आमच्यानं होत नाही. फडकं सोडायचो, द्यायचो, बांधायचो. सायलू दर खेपेला डोळे मिटून घ्यायचा. चेन्नईला उतरलो तेव्हा तळाशी एक तांब्याभर उरलं होतं.

तेव्हापासून फडकं सोडलं नाही.

* * *

नवं जहाज. पांढरं, आत थंडगार, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. नामदेवानं सुटल्या सुटल्या उलट्या सुरू केल्या.

मी म्हणालो, "अरे, तीस वर्षं जहाजावर काढलीस ना?"

"ती उभ्यानं काढली, सारंग. बसून होईना!"

सायलू दिसेल तो नळ सोडून पाहायचा आणि बंद करायचा. "जात तर न्हाई?" म्हणायचा.

मी मागच्या डेकवर कळशी मांडीजवळ घेऊन बसलो. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पोरंठोरं फोटो काढून गेली. एका खलाशानं विचारलं, "बाबा, इसमें गंगाजल है क्या?" मी म्हणालो, "नहीं. दुसरे का है."

तिसरा दिवस. बेटाची काळी रेघ दिसू लागली. दुपारी जेवणाची घंटा झाली आणि डेक रिकामा झाला. नामदेव खाली पडून होता. मी आणि सायलू दोघंच.

सायलू म्हणाला, "सारंग, राग मानू नका. पण ते जहाज भंगारात गेलं. म्हातारी ह्या जहाजावर कशी यावी?"

मी म्हणालो, "जहाज दुसरं आहे. पाणी तेच आहे."

ऊन चढलं होतं. बेट मोठं होत चाललं होतं. कळशी तापू नये म्हणून मी तिला सावलीला सरकवायला वळलो. परत तोंड फिरवलं, तर माझ्या पायापाशी पितळी तांब्या होता. उभा. रिकामा.

मी सायलूकडं पाहिलं. तोही तांब्याकडंच बघत होता.

फडक्याची गाठ मी दातांनी सोडली. कळशी कलती केली. पाणी काठापर्यंत आलं आणि कळशी संपली. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. लिंबाचा वास आला.

मग मी तोंड समुद्राकडं केलं. सायलूचा खांदा धरून त्याचंही वळवलं. पिणाऱ्याकडं बघायचं नाही.

मागं घोट ऐकू आले. म्हाताऱ्या माणसाचे. दोन घोट, मग दम. पुन्हा दोन घोट. घाई नव्हती. सायलूची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मग एक लांब श्वास, आणि पत्र्यावर पितळ टेकल्याचा आवाज.

आम्ही वळलो.

तांब्या पालथा होता.